ट्रिम दोन, नाव एक

एक्सेलचा टेक्स्ट फॉर्म्युला मॅक्रोत, म्हणजे व्हीबीएत, उतरवताना फंक्शनचं नाव तेच दिसलं की आपण निर्धास्त होतो. गोची तिथेच आहे.

शीटमधलं ट्रिम कडेच्या स्पेस काढतं, शिवाय दोन शब्दांमधल्या चार स्पेसची एक करतं. व्हीबीएचं ट्रिम मधल्या स्पेसना हातच लावत नाही. मग मध्ये दोन स्पेस पडलेला 'पाटील सुनील' दुसऱ्या यादीशी ताडताना सापडत नाही. शीटसारखंच हवं तर अ‍ॅप्लिकेशन.वर्कशीटफंक्शन.ट्रिम वापरा.

खरा घोळ फाइंडचा. व्हीबीएत त्याच्या जागी इनस्ट्र येतं. फाइंडमध्ये आधी काय शोधायचं ते लिहितो, इनस्ट्रमध्ये आधी कशात शोधायचं ते. आणि सापडलं नाही तर फाइंड त्या सेलमध्ये एरर दाखवतं, इनस्ट्र मात्र गुपचूप 0 देतं. आडनाव काढायला आपण त्यातून 1 वजा करून लेफ्टला देतो. कुणी नुसतंच 'सुनील' लिहिलं असेल तर लेफ्टला मिळतं उणे 1, आणि मॅक्रो एरर 5 देऊन थांबतो. थांबला तर बरंच म्हणायचं! वर कुणी ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट लिहून ठेवलं असेल, तर व्हेरिएबलमध्ये आधीच्या ओळीचं आडनाव तसंच राहतं आणि ते सुनीलला चिकटतं. कुणाला पत्ताही लागत नाही. तेव्हा लेफ्टच्या आधी इफ लावा. इनस्ट्रचं उत्तर 0 आलं तर तो रकाना मोकळा सोडा. काय भरायचं ते माणसाला ठरवू दे.