आलोच आहोत तर...

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'इटलीच्या प्रवासाविषयी दहा मिनिटं बोला' असं सांगण्यात आलं आहे. प्रवासवर्णन ऐकवून मी तुमचा चहा थंड करणार नाही. त्या प्रवासात घरात जो एक वाद झाला, तेवढाच सांगतो. तो वाद आपल्या प्रत्येकाच्या घरात होतो. कारण आपल्या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य असतं: "एवढ्या लांब आलोच आहोत तर तेही बघून घेऊ!"

या वाक्यानं मला एकदा चांगलंच फसवलं आहे. गोष्ट १९८७ ची. बँकेची एलएफसी मिळाली म्हणून आईला काशीला नेलं. तेव्हा बीडला रेल्वे कुठली! आपल्याकडे गाडी यायला २०२५ साल उजाडावं लागलं. एस.टी.नं मनमाड, तिथून रेल्वे. प्रयाग, काशी, गया असा बेत होता. काशीत तीन मुक्काम ठरले होते. पण माझ्या डोक्यात आलं, एवढ्या लांब आलोच आहोत तर ताजमहाल का सोडायचा? काशीचे दोन मुक्काम कापले आणि आग्रा घुसवलं.

काशीत आईला दुसऱ्या दिवशीही संध्याकाळी घाटावर बसायचं होतं. मी म्हणालो, "आई, गाडी चुकेल." आग्र्याला पोचलो तेव्हा तिच्या पायात त्राण नव्हतं. ताजमहालाच्या आवारात एका बाकावर आमच्या पिशव्या आणि चपला राखत ती बसून राहिली. आम्ही आत जाऊन, फोटो काढून आलो. घरी आल्यावर शेजारणीला म्हणाली, "काशी पाह्यली बाई, पण काशीत बसणं काही झालं न्हाई." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून जास्त लागलं. पुन्हा नेऊ म्हणत राहिलो आणि ते राहूनच गेलं.

आता इटली. मुलानं आणि सूनबाईनं आम्हा दोघांना न्यायचं ठरवलं. रजा बेताची, हातात सात रात्री. विमान रोमला उतरणार आणि परतीचंही रोमहूनच. बेत असा: रोमला तीन रात्री, फ्लॉरेन्सला तीन आणि शेवटची रात्र परत रोमला. सगळं ठरलं आणि एके दिवशी जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, फ्लॉरेन्सहून व्हेनिस रेल्वेनं फक्त दोन-सव्वादोन तास. फ्लॉरेन्सची एक रात्र कमी करू. आलोच आहोत तर..."

सौ.ने ताटातली मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, आईंच्या काशीची जशी काशी केलीत, तशी माझ्या इटलीची करू नका."

मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस. कागद घेतला, मधोमध रेघ मारली. एका बाजूला जमा, एका बाजूला नावे. व्हेनिसच्या जमा बाजूला काय? गाडी दोन तासांची खरी, पण प्रवास दोन तासांचा नसतो. बॅगा भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, उतरल्यावर मुक्काम शोधा. खोलीच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत मोजलं तर अर्धा दिवस जातो. व्हेनिसमध्ये मोटार नाही, रिक्षा नाही. कालवे आणि पायऱ्या-पायऱ्यांचे पूल, बॅग हातात. दुपारी पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोमकडे निघायचं, तेही जवळपास चार तास. म्हणजे जागेपणीचे जेमतेम सात-आठ तास जमा. नावे बाजूला फ्लॉरेन्सचा एक अख्खा दिवस, चार माणसांची वाढीव तिकिटं, एक जास्तीचं हॉटेल आणि सौ.चा नुकताच ऑपरेशन झालेला गुडघा. हिशेब तोट्याचा निघाला. व्हेनिस रद्द.

मुलगा हिरमुसला. पण एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगितली पाहिजे. चूक व्हेनिसची नव्हती, आमच्या तिकिटाची होती. रोमला उतरून परतीचं विमान व्हेनिसहून घेतलं असतं, तर उलट फिरण्याचा दिवस वाचला असता आणि तिन्ही गावं बसली असती. आम्ही आधी तिकीट काढलं आणि मग गावं ठरवली. तुम्ही असं करू नका.

इथवर मी न्यायाधीश होतो, म्हणून सोपं होतं. खरी परीक्षा पुढे झाली. फ्लॉरेन्सपासून बसनं साधारण दीड तासावर सिएना नावाचं गाव आहे. तिथं १४७२ साली स्थापन झालेली बँक आजही चालू आहे. जगातली सर्वांत जुनी चालू बँक म्हणून ती ओळखली जाते. गोरगरिबांना कर्ज देण्यासाठी सुरू झालेली. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा राष्ट्रीयीकरणानंतर हेच काम करायला खेड्यापाड्यांत पाठवलं होतं. ती इमारत बाहेरून का होईना बघायचीच, असं मी मनात पक्कं केलं होतं. बॅगा फ्लॉरेन्सला ठेवून सकाळी जायचं, संध्याकाळी परत. मुक्काम बदलत नाही, म्हणजे माझ्याच हिशेबात बसत होतं.

ती रेल्वे ताशी २५० किलोमीटरनं धावली आणि दीड तासात आम्ही रोमहून फ्लॉरेन्सला पोचलो. मायकेलअँजेलोचा डेव्हिड बघितला. सतरा फुटांचा पुतळा, आणि हाताच्या शिरासुद्धा दिसतात. मोठ्या चर्चच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत. त्या आम्ही खालूनच मोजल्या! दुसऱ्या दिवशी सकाळी सिएनाला निघायचं तर सौ.चा गुडघा सुजलेला. ती म्हणाली, "तुम्ही बाप-लेक जाऊन या. सूनबाईलाही न्या. मी बसते इथं खिडकीशी."

माझे बूट घालून झाले होते. आणि मला तो आग्र्याचा बाक दिसला.

उगाच मोठेपणा सांगत नाही. मनात चडफडलो. मुलाला आणि सूनबाईला सिएनाला पाठवलं आणि बूट काढून बसलो. अकराच्या सुमारास सूज जरा उतरली. दोघं हळूहळू बाहेर पडलो, शंभर पावलं चाललो की थांबायचं, असं करत. थांबता थांबता एका चौकोनी, उंच दगडी इमारतीपाशी आलो. ओर्सानमिकेले तिचं नाव. पाटी वाचली तर कळलं, ते चर्च मुळात धान्याचा बाजार होतं. म्हणजे आपला मोंढाच! तिथल्या अनेक धंद्यांच्या संघांनी भिंतीतल्या कोनाड्यात आपापल्या संताचा पुतळा बसवलेला. त्यात एक पैशांची अदलाबदल करणाऱ्यांच्या, म्हणजे त्या काळच्या बँकवाल्यांच्या संघाचा! गिबर्ती नावाच्या शिल्पकारानं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेला ब्राँझचा संत मॅथ्यू. कोनाड्यात आता प्रतिकृती आहे, मूळ पुतळा आतल्या संग्रहालयात ठेवला आहे. हे मॅथ्यू संत होण्याआधी करवसुली करायचे. मीही गेवराई-माजलगावच्या वाड्या-वस्त्यांवर वसुलीला हिंडलेला. म्हटलं, नमस्कार साहेब, आपण एकाच खात्यातले!

तिथं बसून सौ.ला सांगितलं की आपला 'बँक' हा शब्द इटालियन 'बांको'वरून आला, बांको म्हणजे बाक. सराफ बाकावर बसून धंदा करायचे. याच गावानं १२५२ मध्ये फ्लॉरिन नावाचं सोन्याचं नाणं पाडलं आणि ते युरोपभर चाललं. आमच्या द्विनोंदी पद्धतीचं पहिलं छापील विवेचन १४९४ मध्ये पाचोली नावाच्या गणितज्ञानं प्रसिद्ध केलं. ती म्हणाली, "पस्तीस वर्षं बँकेत होतात, हे कधी सांगितलं नाहीत." खरंच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन बाकी जुळली की नाही एवढंच सांगायचो.

आता गंमत बघा. पाचोलीचं ते पुस्तक छापलं गेलं ते व्हेनिसमध्ये! तेव्हा व्हेनिस राहिल्याची रुखरुख आहेच, सिएनाची तर जास्त आहे. राहिलेलं गाव राहिलेलंच असतं, ते गोड मानून घ्या असं मी म्हणणार नाही. पण सौ.ला आजही इटली म्हटलं की ती मोंढ्याची इमारत आठवते, आणि माझ्या वाट्याची काशी थोडी फिटली असं मला वाटतं.

तरुणांना माझं काही सांगणं नाही. विशी-पंचविशीत चार दिवसांत चार गावं करा, झोप परत आल्यावर काढा. पण सोबत म्हातारं माणूस किंवा लेकरू असेल तर गावं मोजण्याऐवजी मुक्काम मोजा. बेत सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायानं आखा. आणि सुटीचे वार आधी बघा. फ्लॉरेन्सची मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आपल्या रौप्यमहोत्सवी सहलीची यादी काल फलकावर लागली. पैठण, दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, बीबी का मकबरा आणि अजिंठा. सगळं दोन दिवसांत! सहल रविवार-सोमवारची, आणि अजिंठा सोमवारी बंद. म्हणजे तो रविवारीच उरकायचा. संभाजीनगरहून अजिंठा जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, शिवाय फर्दापूर फाट्याला आपली गाडी सोडून दुसऱ्या बसनं लेण्यांपर्यंत जायचं. आपल्यात सत्तरी ओलांडलेले किती आहेत, हात वर करा बरं! बघा, सचिवसाहेब.

माझी विनंती एवढीच, की वेरूळला मुक्काम करू. डोंगर वरून खाली कोरत आणलेलं ते कैलास लेणं सकाळी शांतपणे बघू. ज्याला बसायचं त्याला तिथं बसू देऊ. अजिंठ्याची सहल पुढच्या वर्षी वेगळी काढू, मी आजच वर्गणी भरतो. फक्त आपल्यापैकी कुणाला बाकावर चपला राखत बसवू नका.