पायाखालची नक्षी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, आलापल्ली येथे केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू त्या खेळण्यातल्या विटांची घरं करतेस ना, त्यावर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, घरांवर कुणीही बोलेल, मी घरातल्या फरशीवर बोलते. ते जरा थांबले आणि म्हणाले, "फरशीवर दहा मिनिटं?" तर आता बघू या, पुरतात का!

लेगोच्या विटा तुमच्यापैकी अनेकांच्या नातवंडांकडे असतील. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे ओले किर्क क्रिस्टियान्सन हे मुळात सुतार. १९३२ साली त्यांनी लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. प्लास्टिकच्या विटा नंतर आल्या आणि आज आपण बघतो त्या जोडणीचं पेटंट १९५८ सालचं आहे. १९६० साली लाकडी खेळण्यांचा विभाग आगीत जळाला आणि त्यांनी लाकूड सोडलं. सागवानाच्या गावात वाढलेल्या मला या कंपनीचं मूळ सुतारकामात आहे हे कळलं तेव्हा ती एकदम ओळखीची वाटली.

या विटांच्या घरांत फरशीला एवढं महत्त्व का? खऱ्या घरात आपण फरशीवर उभे असतो, त्यामुळे ती पूर्ण अशी कधी दिसत नाही. खाट असते, कपाट असतं, माणसं असतात. मॉडेल मात्र आपण वरून बघतो. चांगल्या मॉडेलचा प्रत्येक मजला सुटा उचलता येतो. वरचा मजला काढला की बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा जमिनीवर जाते. भिंती कितीही सुबक असल्या आणि खाली नुसते उघडे ठिपके दिसले, तर ते घर राहायला आलेल्या माणसांचं वाटत नाही, बांधकाम अर्धवट सोडल्यासारखं वाटतं.

आता यातलं गणित सांगते. गणिताचे सर समोर बसले आहेत, म्हणून जरा जपून सांगते.

या विटांवरचे दोन ठिपके एकमेकांपासून बरोबर ८ मिलिमीटरवर असतात. नेहमीचा मोठा पाया ३२ गुणिले ३२ ठिपक्यांचा, म्हणजे २५.६ सेंटीमीटर लांब-रुंद आणि १,०२४ घरांचा. त्यावर जे गुळगुळीत, ठिपके नसलेले तुकडे बसतात त्यांना टाइल म्हणतात. सगळ्यात लहान चौकोनी टाइल एका घराची. खेळण्यातला माणूस साधारण ४ सेंटीमीटर उंच. त्या हिशेबानं ही एवढीशी टाइल खऱ्या घरातल्या फूटभराहून थोड्या मोठ्या फरशीएवढी होते.

इथेच खरी अडचण येते. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या विचारातून भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स सुरू झाली. तिच्यासारख्या कारखान्यांच्या नक्षीदार सिमेंट फरश्या जुन्या घरांत बघायला मिळतात. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात विलायतेहून आलेल्या मिंटन टाइल्स आहेत. त्या एकेका फरशीत फूल असतं, वेल असते, चार रंग असतात. आपल्याकडे एका फरशीला मिळतं एक घर आणि एक रंग! वेल काढायची तर चार-पाच घरं लागतात. म्हणून जशीच्या तशी नक्कल होत नाही. मूळ नक्षीत नेमकं काय ठेवलं म्हणजे ती ओळखू येईल, हे आधी ठरवावं लागतं. बहुतेक वेळा किनार आणि मधलं फूल ठेवायचं, बाकी सोडून द्यायचं.

दुसरा प्रश्न सम-विषमचा. खोली आतून १६ घरं रुंद असली तर तिचा मध्य दोन ठिपक्यांच्या मध्ये येतो. पाच घरांचं फूल तिथे मधोमध बसत नाही, एका बाजूला सरकतं. त्यासाठी एक वेगळा तुकडा मिळतो. तो दोन घरांचा असतो, पण त्याच्यावर मधोमध एकच ठिपका असतो. तो खाली लावला की वरचं फूल अर्ध्या घरानं सरकतं. दोन्ही कडांना अर्ध्या घराची फट राहते, तिथे खालचा रंग दिसतो आणि तीच फुलाभोवतीची रेघ होते.

समोर बसलेल्या बायका आता हसताहेत. कारण हा "मधला ठिपका" त्यांना शिकवावा लागत नाही. "अकरा ते सहा, मधले ठिपके" हे आपण शाळेच्याही आधी शिकलो. ओळ अर्ध्यानं सरकवायची, दोन्ही बाजूंनी एकेक ठिपका कमी करत जायचा, मध्य चुकू द्यायचा नाही. कागदावर आधी मोजायचं, मग अंगणात बसायचं. फरशीचं मॉडेल करणारे लोक हेच करतात, फक्त पांढऱ्या भुकटीच्या जागी प्लास्टिक असतं.

एक फरक मात्र आहे. मधल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ओळी जरा जवळ येतात, म्हणून सहा पाकळ्यांचं फूल गोल दिसतं. विटांच्या ओळी तशा जवळ आणता येत नाहीत. तेच फूल तिथे काढलं तर ते उभं ताणल्यासारखं दिसतं. म्हणून विटांच्या फरशीला सहापेक्षा चार किंवा आठ पाकळ्यांची नक्षी जास्त मानवते.

आपल्या भागाचं भाग्य असं की आपल्याकडे एकच परंपरा नाही. सिरोंच्याकडच्या तेलुगू घरांत ठिपके जोडत नाहीत, ठिपक्यांना वळसे घालत रेघ फिरते. तो मुग्गू. त्याच्यासाठी पाव गोलाकार टाइल असते. चार टाइल वेगवेगळ्या दिशांना फिरवल्या की रेघ वळते. गेरूसारख्या गडद तांबड्या जमिनीवर पांढरा मुग्गू केला की तो फारच खुलतो.

लाकडी जमीन हवी असेल तर दोन घरांच्या तपकिरी टाइल एक आडवी, एक उभी अशा पायरी-पायरीनं लावत जायच्या. भिंतीजवळ एकेक घर उरतं, ते लहान टाइलनं भरायचं. आणि तिरपी फरशी हवी असेल तर सरांचा पायथागोरस मदतीला येतो. तीन, चार, पाच! पाच घरांची बाजू तिरकी ठेवली, तर तिची दोन्ही टोकं तीन आणि चार घरांच्या अंतरावरच्या ठिपक्यांवर बरोबर बसतात. दुसऱ्या मनमानी कोनात ती बसत नाहीत.

आता या टेबलावरच्या मॉडेलबद्दल. ही आपली जुनी शाळा आहे. कौलं, व्हरांडा, झेंड्याचा खांब. सकाळपासून अनेकांनी छत उचलून बघितलं आणि विचारलं, "वर्गात साधी राखाडी जमीन आणि बाहेर एवढी नक्षी, असं का?" आपल्या वर्गांत नक्षीची फरशी नव्हतीच. कोबा होता, त्यावर सतरंजी. तिथे मी फुलं घातली असती तर ती शाळा दिसली असती, पण आपली दिसली नसती.

नक्षी होती ती झेंड्याच्या खांबाभोवती. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला मुली पहाटे येऊन सडा घालायच्या आणि ठिपके मोजायच्या. प्रभातफेरी, कवायत, भाषणं झाली की दुपारपर्यंत ती पायांखाली पुसलेली असायची. आपल्या शाळेची नक्षीदार जमीन वर्षातून दोनदा, काही तासांपुरती असायची. मॉडेलमध्ये ती २१ गुणिले २१ घरांत, ४४१ टाइलांची आहे. तेवढी ती पुसली जाणार नाही.

हे करताना एक गोष्ट मनाला लागली. मिंटनच्या फरशीला मिंटनचं नाव आहे. भारतच्या फरशीला कारखान्याचं नाव आहे. आपल्या अंगणातल्या नक्षीला कुणाचंच नाव नाही. त्या नक्ष्या आपल्या आई-आजीच्या वह्यांत आहेत. जुन्या हिशेबाच्या वह्या, मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीचे ठिपके. त्या वह्यांना उधई लागते आहे, घर बदलताना त्या रद्दीत जाताहेत आणि दारात आता छापील रांगोळीचे स्टिकर चिकटताहेत. आणखी पंधरा-वीस वर्षांनी या वह्या शोधायला गेलो तर काय हाती लागेल, याची मला काळजी वाटते.

म्हणून माझी एक विनंती आहे. येत्या दिवाळीला घरी गेलात की ती वही शोधा. प्रत्येक पानाचा मोबाइलवर नीट फोटो काढा आणि शाळेकडे पाठवा. गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, मराठी, ज्या घरची जी पद्धत असेल ती. भिंतीवरची असली तरी चालेल. ज्यांनी ती काढली त्यांचं नाव खाली लिहा. नुसतं "आईची वही" लिहू नका, पूर्ण नाव लिहा.

शाळेतली मुलं त्या नक्ष्या आलेख कागदावर उतरवतील. त्याला विटा लागत नाहीत, चौकटीचा कागद आणि रंगीत पेन्सिली पुरतात. या विटा महाग आहेत, प्रत्येक मुलाला त्या घेऊन देता येणार नाहीत. पण आपल्या तुकडीच्या निधीतून सुट्या टाइलांचा एक मोठा डबा शाळेच्या ग्रंथालयात ठेवता येईल. ज्या मुलाची नक्षी कागदावर बरोबर जमली, त्यानं ती डब्यातल्या टाइलांनी लावायची, फोटो काढायचा, मोडायची आणि डबा पुढच्याला द्यायचा. त्यात सममिती येईल, गुणाकार येईल, पायथागोरसही येईल. आणि आजी जे करते त्याला "डिझाइन" म्हणतात, हेही मुलांना कळेल.

मॉडेल मी शाळेला देऊन जाते आहे. मुलांनी त्याला हात लावला तरी चालेल, मोडलं तर जोडता येतं. फक्त खांबाभोवतीची नक्षी पुन्हा लावताना सुरुवात मधल्या टाइलपासून करा, म्हणजे मध्य चुकणार नाही.

दहा मिनिटं पुरली नाहीत, क्षमस्व!