जुनी विजेची गाडी घेताना: आधी बॅटरी, मग भाव



डाळ-पापड बाजारात न्यायचे, अडल्या बाईला दवाखान्यात पोचवायचं, तर दारात गाडी हवी, असं आपल्या गटांना वाटतं. पेट्रोल परवडत नाही, म्हणून जुनी इलेक्ट्रिक कार घ्यावी का? आम्ही म्हणतो, जरूर बघा. पण गटाचा पैसा घामाचा आहे, तेव्हा आधी बॅटरी तपासा, मग भाव करा.

विकणारा म्हणेल, "बघा, 100 टक्के चार्ज." तांब्याही काठोकाठ भरतो आणि घागरही भरते; पाणी सारखं असतं का? बॅटरी जुनी झाली की तिच्यात वीज कमी मावते, तरी पडद्यावर 100 टक्केच दिसतं. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा लेखी अहवाल मागा.

एक हिशोब मांडू. टाटा टियागो ईव्हीची लहान बॅटरी 19.2 युनिटची. नवेपणी कंपनीचा चाचणीतला आकडा होता 250 किलोमीटर. आपल्या रस्त्यावर, एसी लावून, एका युनिटला सात किलोमीटर धरा. म्हणजे नव्या गाडीचे सुमारे 135. बॅटरी 80 टक्केच उरली असेल, तर साधारण 107. वाशिमहून मालेगावला जाऊन येणं सहज होईल. पण अकोला जाऊन-येऊन सुमारे 160 किलोमीटर; वाटेत किंवा अकोल्यात चार्ज केल्याशिवाय परत येता येणार नाही. पेशंट घेऊन निघाल्यावर हे कळून उपयोग नाही.

म्हणून भर दुपारी चौघीजणी बसून 50 किलोमीटर चालवून बघा. 40 टक्के चार्ज उतरला, तर पूर्ण चार्जमध्ये 125 किलोमीटरच मिळतील.

बॅटरीवर वॉरंटी किती उरली, तेही पाहा. टियागो ईव्हीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. दुसऱ्या मालकाला ती लागू राहते का, हे लिहून घ्या.

कोणी "हायब्रिड आहे, विजेवर चालते" म्हणालं, तर विचारा: घरी प्लग लावता येतो का? आपल्याकडच्या बहुतेक हायब्रिड गाड्यांना प्लग नसतो. त्यांची वीज गाडीतच तयार होते. पेट्रोल भरावंच लागतं.

घरी 15 अँपिअरचा पॉइंट आणि पक्कं अर्थिंग हवं. त्यावर लहान गाडीलाही सात-आठ तास लागतात, म्हणून तुमच्याकडे रात्री वीज किती वेळ जाते ते पाहा. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करू नका. ते फक्त शेतीसाठी आहे.

आता कागद. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. ती भाड्यानं चालवता येत नाही. भाड्याच्या गाडीच्या हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आरसी आणि विमा दोन्ही नावावर करून घ्या. गाडी कोणाच्या नावावर राहील, आणि ती बाई गटातून गेली तर काय करायचं, हे ठरावात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

येत्या बैठकीत एवढं करा: गटाच्या महिनाभरातल्या फेऱ्या आणि किलोमीटर वहीत लिहा. गाडी कोणती घ्यायची, की भाड्याचीच परवडते, ते ती वहीच सांगेल.