मादकद्रव्य-चाचणी आणि कामगारांचे हक्क



कारखान्याच्या दारात कामगाराच्या पिशवीची झडती घेण्याची प्रथा जुनीच आहे. अमेरिकेत १९८०नंतरच्या दशकात ही झडती शरीरापर्यंत पोहोचली. १५ सप्टेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी आदेश काढून केंद्र सरकारच्या जोखमीच्या जागांवरील नोकरांची मादकद्रव्य-चाचणी सुरू करविली. खाजगी मालकांनीही तीच वाट धरली, आणि नोकरीच्या अर्जापाठोपाठ मूत्राचा नमुना देणे असंख्य उमेदवारांना भाग पडले.

चाचणीच्या समर्थकांपाशी आधार नाही असे नव्हे. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यातील चेज येथे मालवाहतूक कंपनीची इंजिने सिग्नल ओलांडून उतारूंच्या गाडीच्या मार्गात आली. १६ माणसे मृत्युमुखी पडली. इंजिनचालक व त्याचा सहकारी यांच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. रेल्वे, विमान व अवजड वाहने चालविणाऱ्यांची चाचणी सक्तीची करणारा १९९१चा कायदा या अपघाताच्या छायेत झाला. उतारूही श्रमिकच असतात. त्यांच्या जिवाची चिंता समाजवाद्यांनी वाहिलीच पाहिजे. परंतु धोक्याचा इशारा देणारी शिटी चिकटपट्टीने दाबून टाकलेली होती, आणि गाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा त्या इंजिनांवर नव्हती, हेही चौकशीत उघड झाले. नमुना तपासणे स्वस्त आणि यंत्रणा बसविणे महाग, हा हिशेब विसरून चालणार नाही.

शिवाय मूत्र-चाचणी नशा मोजीतच नाही. गांजाचे विघटन होऊन उरलेले घटक नित्य सेवन करणाऱ्याच्या मूत्रात कित्येक आठवडे सापडू शकतात. त्यावरून मनुष्य कामाच्या वेळी शुद्धीवर होता की नाही, हे कळत नाही. कळते ते त्याचे खाजगी जीवन. खसखस घातलेला पाव खाणाराही कधी दोषी ठरे. म्हणूनच १९९८ मध्ये अमेरिकन सरकारला अफूवर्गीय द्रव्यांची मर्यादा मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २,०००वर न्यावी लागली.

मग कामगाराने दाद कोठे मागावी? अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती गैरवाजवी झडतीला मनाई करते, पण ती सरकारला बांधते, खाजगी मालकाला नव्हे. १९८९ मध्ये राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने दोन निर्णय दिले. कामावर असलेल्यांच्या चाचणीबाबत मालकाने युनियनशी वाटाघाटी केल्याच पाहिजेत, हा पहिला. नोकरी मागणाऱ्यांच्या चाचणीबाबत मात्र तसे बंधन नाही, हा दुसरा. प्रश्नाचे मर्म येथेच आहे. बेकार उमेदवार हा श्रमाच्या बाजारातील सर्वांत दुबळा घटक. त्याच्या मागे संघटना नाही, आणि पोटाची निकड असलेल्याने दिलेल्या ‘संमती’ला संमती म्हणणे ही क्रूर थट्टा होय. जेथे संघटनेचा हात पोहोचत नाही, तेथे कायद्यानेच उभे राहिले पाहिजे.

असा कायदा अशक्य नाही. मिनेसोटा राज्याने तो १९८७ मध्येच केला. लेखी धोरणावाचून चाचणी नाही, उमेदवाराची चाचणी नोकरी देऊ केल्यानंतरच, आणि त्या जागेच्या सर्वच उमेदवारांची, प्रतिकूल निष्कर्षाची दुसऱ्या चाचणीने खातरजमा, खुलाशाची संधी, आणि कामगार प्रथमच दोषी आढळल्यास उपचाराची संधी दिल्यावाचून बडतर्फी नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून, काही अपवाद वगळता, गांजाच्या निव्वळ निष्क्रिय अवशेषांवरून नोकरी नाकारण्यास बंदी केली आहे.

भारतात वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या अशा चाचणीचे नियम २०२२ पासून लागू आहेत. इतर खाजगी नोकऱ्यांत मालकाने चाचणी घेतल्यास तिला आवर घालणारा स्वतंत्र कायदा येथे नाही. प्रथा रुजल्यावर तिच्याशी झगडण्यापेक्षा आधीच मर्यादा घालून घेणे शहाणपणाचे. ज्या कामात इतरांचे प्राण गुंतलेले आहेत तेथेच चाचणी व्हावी, तीही कामाच्या वेळची क्षमता पाहणारी असावी, आणि व्यसनग्रस्ताला उपचार मिळावेत. या मागण्या कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रांत आजच घातल्या पाहिजेत, आणि त्या मांडताना दाराबाहेर रांगेत उभ्या असलेल्या बेकाराचाही विचार केला पाहिजे. कामगार आपले श्रम विकतो. आपले शरीर आणि आपला रविवार तो मालकाला विकीत नाही.