राणीच्या बागेतली उर्वशी



भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशी आहे. हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. बहरात आलं की लालभडक फुलांचे घोस फांद्यांवरून झुंबरासारखे खाली लोंबतात. लहानपणी आम्हाला हत्ती बघायची घाई असायची. आता मी त्या झाडापाशी थांबतो.

ही बाग 1862 साली सुरू झाली. त्याआधीची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. म्हणजे एकदा ती उठलेलीच आहे. भायखळ्यात मात्र तिनं मूळ धरलं. आज तिथे तीन हजारांवर झाडं आहेत, आफ्रिकेतून आलेली गोरखचिंचसुद्धा.

2007 च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयाचा कायापालट करण्याचा मोठा आराखडा चर्चेत आला. पिंजरे सुधारायला हवेच होते. पण जुन्या झाडांचं, बागेच्या मूळ मांडणीचं काय? काही मुंबईकर स्त्रियांनी हा प्रश्न चिकाटीनं लावून धरला. वारसा समितीनं तो आराखडा नाकारला आणि त्यात बदल करावा लागला. समितीला हे करता आलं, कारण बाग वारसा यादीत होती. मुंबईची वारसा नियमावली 1995 ची. तिच्यात इमारतींबरोबर परिसर आणि नैसर्गिक ठिकाणंही येतात.

इमारत पडली की आवाज होतो. बाग कुरतडली जाते. आज तिकीटघर, उद्या वाहनतळ, परवा वडाच्या बुंध्यापर्यंत भिडवलेल्या फरश्या. प्रत्येक वेळी थोडीशीच जागा जाते, म्हणून कुणी बोलत नाही. मला याची फार काळजी वाटते.

आपल्या महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यातच, कलम 22 मध्ये, निसर्गरम्य आणि ऐतिहासिक जागांचं जतन हा विकास आराखड्याचा विषय म्हणून नोंदलेला आहे. हे मुंबईपुरतं नाही. तुमच्या गावची संस्थानकाळची बाग, तळ्याकाठची आमराई यांनाही तिथे जागा मिळू शकते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की तो नगरपालिकेत जाऊन बघा. बागेवरून रस्त्याची रेघ गेली आहे का, एवढं आधी पाहा. गेली असेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या, तीही सर्व्हे नंबरासकट. सोबत झाडांची यादी जोडा. नावं येत नसतील, तर बागेच्या जुन्या माळ्याला घेऊन एक सकाळ फिरा.