क्ष-किरणांतला 'क्ष'



हाड मोडले की आपण धर्मापुरीकर अंबाजोगाईला 'फोटो' काढायला जातो. पुस्तकात त्याला क्ष-किरण म्हणतात. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे राँटजेन यांना हे किरण आढळले. स्वरूप उमगेना, म्हणून त्यांनी बीजगणितातील अज्ञाताचे अक्षर लावले : 'एक्स-श्ट्रालेन'. श्ट्रालेन म्हणजे किरण. इंग्रजीने 'रे' केले. मराठीने एक्सच्या जागी आपला 'क्ष' बसविला. जर्मन लोक मात्र राँटजेनचेच नाव घेतात!

'क्ष'ची समीकरणे जमत नाहीत म्हणून मुलीला आठवीनंतर घरी बसविणाऱ्या पालकांना विनंती, थोडे थांबा. हा अज्ञात परका नव्हे. जुने अरबी गणिती त्याला 'शै' म्हणत. उर्दूत वस्तूला आपण आजही शैच म्हणतो.