धूर आणि रानांतील माती

धूर वर जातो, पांगतो आणि दिसेनासा होतो. तेवढ्यावरून तो संपला असें मन समजतें. परंतु जें वर गेलें तें केव्हांतरी खालीं येतेंच. दगडी कोळशांत गंधक असतो. कोळसा जळतांना त्याचा वायु होतो, हवेंतील पाण्याशीं मिळून त्याचें गंधकाम्ल बनतें आणि तें पावसावाटे भूमीवर उतरतें. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनज्ञानें १८७२ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा पावसाला ‘आम्ल पाऊस’ म्हटलें.

हा पाऊस शहरापुरता राहत नाहीं. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत हबर्ड ब्रुक नांवाचें डोंगरी अरण्य आहे. तेथें १९६३ सालीं जीन लायकेन्स, हर्बर्ट बोरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाऊस आणि ओढ्यांचें पाणी नियमानें तपासण्यास आरंभ केला. तेथील पाऊस स्वच्छ पावसाच्या दहापटींहून अधिक आम्ल निघाला. शेंकडों मैलांवरील कारखान्यांचा धूर वाऱ्यानें तेथवर आणला होता.

अशा पावसानें मातीचें काय होतें, हें स्वयंपाकघरांतील अनुभवावरून समजेल. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवलें म्हणजे तें कळकतें. कारण आंबट पदार्थांत धातु उतरतो. मातीचे कण कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात; ती झाडांची शतकानुशतकें सांठलेली पुंजी होय. आम्ल ही पुंजी धुऊन ओढ्यांत नेतें, आणि मातींत निरुपद्रवी पडून असलेलें ॲल्युमिनियम मोकळें होऊन कोवळ्या मुळांना बाधतें. कॅल्शियमची विशेष गरज असलेला शुगर मेपल वृक्ष यामुळें खंगूं लागला, आणि रेड स्प्रूसचीं पानें हिवाळ्यांत करपूं लागलीं.

दुसरा आघात नत्राचा. नत्र हें तर खत. मग अपाय कसला, असें कोणी विचारील. परंतु धुराबरोबर आलेल्या या फुकटच्या खतावर हावऱ्या वनस्पति माजतात आणि थोडक्यांत भागविणाऱ्या दबून जातात. युरोपांतील कित्येक रानांत अंगाला लागतांच आग करणारी नेटल बळावली, आणि गरीब मातींत सुखानें नांदणाऱ्या नाजूक जाति मागें हटल्या. रान हिरवेंच दिसतें. त्यांतील विविधता मात्र ओसरते.

१९९० सालीं अमेरिकेनें कायदा कडक केला. धुरांतील गंधक कमी झाला, पाऊसहि निवळत गेला. माती मात्र तितक्या लवकर सावरली नाहीं. तेव्हां १९९९ सालीं हबर्ड ब्रुकच्या सुमारें १२ हेक्टर पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या पसरण्यांत आल्या. पुढील कांहीं वर्षांत मेपलचीं रोपें वाढलीं, त्याचे शेंडे भरले, आणि स्प्रूसला थंडीची बाधा कमी झाली. मातीची हरवलेली पुंजी हेंच दुखण्याचें मूळ, हें यावरून सिद्ध झालें.

परंतु बारा हेक्टरांना जें साधलें तें साऱ्या अरण्यांना साधणारें नाहीं. भारतांतील बहुतेक वीज आजहि कोळशावरच निघते, आणि सह्याद्रीवरील जांभ्याच्या मातीजवळ ही पुंजी मुळांतच तुटपुंजी आहे. धुरांतील गंधक धुराड्यांतच अडविणें खर्चाचें खरें. पण एकदां रिती झालेली माती भरून काढण्यास मनुष्याचें एक आयुष्य पुरत नाहीं, हें तो खर्च मांडतांना विसरूं नये.